खुर्चीतल्या माणसाकडे बघ

मोठी स्पर्धा जवळ आली की वर्तमानपत्राच्या क्रीडा विभागात एक मजकूर ठरलेला असतो : या स्पर्धेत कोणाकडे लक्ष ठेवावं? क्रिकेटचा असा मजकूर लिहायला माणसं पुष्कळ असतात. स्नूकर, बिलियर्ड्स आणि पूलचा मात्र माझ्याकडे येतो आणि मी तो मनापासून लिहितो. वाचक कधी कधी फोन करून विचारतात, हे खेळ तुम्ही कुठं खेळलात? मी किनवटला वाढलो. तिथं लहानपणी पूलचं टेबल माझ्या दृष्टीसही पडलं नव्हतं. खेळाडू कसा पाहावा हे मला स्टेशन रोडवरच्या एका कॅरम क्लबच्या मालकांनी शिकवलं. गाव त्यांना मार्करमामा म्हणायचं. माझ्या लिखाणात जे काही बरं असेल ते त्यांच्याकडून आलेलं आहे. ते छापील शब्दांत नोंदवावं म्हणून हा लेख.

किनवट हा नांदेड जिल्ह्याचा उत्तरेकडचा कोपरा. एका अंगाला पैनगंगा आणि तिच्यापलीकडे यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या अंगाला आदिलाबाद. भोवती सागवानाचं जंगल. आठवडी बाजारात मराठीबरोबर गोंडी, गोरमाटी, तेलुगू आणि दखनी कानावर पडायची. नांदेड लांब आणि आदिलाबाद जवळ, म्हणून लग्नाचा बस्ता असो की डोळ्यांचा डॉक्टर, माणसं आदिलाबादची गाडी धरायची. माझे वडील वनखात्यात कारकून होते. लाकडाच्या डेपोतले आकडे दिवसभर लिहायचे आणि संध्याकाळी घरी आले की आम्हा भावंडांची पाढ्यांची उजळणी घ्यायचे. त्या घरातून कॅरम क्लबकडे जाणारी वाट सोपी नव्हती. क्लब म्हणजे उनाड पोरांचा अड्डा, हे तेव्हा प्रत्येक बापाचं ठाम मत होतं.

मामा तालुक्यातल्याच एका खेड्याचे. 1972 च्या दुष्काळात गाव सुटलं, तेव्हा विशीतले होते. मुंबईत ओळखीच्या एका माणसानं त्यांना दक्षिण मुंबईतल्या एका जिमखान्यात झाडलोटीला लावून दिलं. झाडता झाडता ते बिलियर्ड्सच्या खोलीत पोचले आणि पुढं मार्कर झाले. मार्कर म्हणजे टेबलाचा सांभाळ करणारा आणि गुण मांडणारा माणूस. बारा फूट लांब, सहा फूट रुंद टेबल. खाली पाटीचा दगड, वर लोकरीचं हिरवं कापड. त्या कापडाला लव असते, म्हणून ब्रश एकाच दिशेनं फिरवायचा. त्यावर इस्त्री करायची. क्यूच्या, म्हणजे खेळायच्या काठीच्या, टोकाची चामड्याची टिप झिजली की नवी चिकटवून घासून गोल करायची. साहेब लोक खेळायला आले की गुणफलकापाशी उभं राहायचं, रंगीत बॉल खिशात गेला की काढून त्याच्या जागी ठेवायचा आणि कोणी विचारल्याशिवाय बोलायचं नाही.

मामांनी मुंबईतली सगळी उमेद अशी उभ्यानं घालवली. त्या काळात मुंबईचे मायकेल फरेरा जगातल्या सर्वोत्तम बिलियर्ड्सपटूंमध्ये गणले जात. 1977, 1981 आणि 1983 अशी तीनदा त्यांनी हौशी खेळाडूंची जागतिक स्पर्धा जिंकली. 1978 च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एका ब्रेकमध्ये, म्हणजे न चुकता सलग खेळलेल्या एकाच पाळीत, 1149 गुण केले. हौशी खेळाडूनं हजाराचा टप्पा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. त्यांच्या आधीचे विल्सन जोन्स. जन्म पुण्याचा, 1922 चा. 1958 साली कलकत्त्यात ते जगज्जेते झाले आणि कोणत्याही वैयक्तिक खेळात जगज्जेतेपद मिळवणारे पहिले भारतीय ठरले. 1964 मध्ये न्यूझीलंडला जाऊन त्यांनी ते पुन्हा मिळवलं. मामा या दोघांना जोन्ससाहेब आणि फरेरासाहेब म्हणायचे. फरेरासाहेबांचा खेळ आपण भिंतीला टेकून पाहिलाय, हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा मामा किनवटला परतले. साठवलेल्या पैशांतून त्यांनी स्टेशन रोडवर चहाच्या हॉटेलामागची खोली भाड्यानं घेतली आणि कॅरमचे बोर्ड मांडले. प्रत्येक बोर्डावर टोपीचा दिवा, बोरिक पावडरचा डबा, कोपऱ्यात पाण्याचा माठ. हरणाऱ्यानं बोर्डाचे पैसे द्यायचे, एवढाच व्यवहार. पैसे लावून खेळणाऱ्याला ते हात धरून बाहेर काढत, मग तो गावातला कितीही वजनदार माणूस असो. पावसाळ्यात प्लायवूड फुगू नये म्हणून रात्री बोर्डाखाली कोळशाची शेगडी फिरवत. सकाळी झाडून, पुसून, हातानं चाचपून बघत. किनवटच्या त्या खोलीत जिमखान्याची शिस्त होती.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती वर्तमानपत्रामुळं. मामांना अक्षरं नीट लागत नसत. आकडे मात्र त्यांना इंग्रजी-मराठी दोन्ही येत, कारण जन्मभर गुणफलकाशीच संबंध आलेला. नांदेडहून पेपर दुपारी यायचा. चहाच्या हॉटेलात तो आधी राजकारणवाले वाचत, मग सोन्याचा भाव बघणारे आणि शेवटचं पान उरलं की मामा ते घेऊन जात. एकदा मी हॉटेलात दुधाचा लोटा पोचवायला गेलो असताना त्यांनी मला हाक मारली. “लेका, वाचता येतं ना? हे एवढं वाचून दाव.” मी वाचलं. मला वाटलं, बातमी संपली. मामांनी विचारलं, “आनि हरला त्याचं काय लिवलंय?” हरणाऱ्याबद्दल एकच ओळ होती. ती त्यांनी मला दोनदा वाचायला लावली.

त्यानंतर ते स्वतः आमच्या घरी आले. वडिलांसमोर खुर्चीवर न बसता दारात उभे राहिले आणि म्हणाले, “साहेब, पोराला रोज अर्धा तास पेपर वाचायला पाठवा. पोराचं वाचन सुधारंल, मला बातमी कळंल. माझ्या तिथं शिवी न्हाई, पत्ता न्हाई, बिडी न्हाई.” वडील दुसऱ्या दिवशी न सांगता क्लबमध्ये येऊन बसले, तासभर पाहत राहिले आणि घरी येऊन आईला म्हणाले, जाऊ दे त्याला. माझ्या आयुष्याची दिशा त्या एका वाक्यानं ठरली, असं मी आज खात्रीनं म्हणतो.

वाचून झालं की मला बोर्डावर बसायला मिळायचं. माझा हात बरा होता. जिल्ह्यात नाव काढावं एवढा नव्हता. मामांनी तो सुधारण्याची फार खटपट केली नाही. त्यांनी माझी नजर घडवली. समोर दोघं खेळत असले की सगळी पोरं स्ट्रायकर मारणाऱ्याकडं पाहायची. मामा माझी हनुवटी धरून मान वळवायचे. “त्याच्याकडं काहून बघायलास? तो तर मारायलाय. त्याला काही सुचायची गरज न्हाई, हात चालू हाय. तो बसलेला हाय ना, त्याच्याकडं बघ.”

कॅरम असो, स्नूकर असो की पूल, या खेळांत एक गोष्ट समान आहे. समोरच्याची पाळी चालू असताना तुम्हाला काहीही करता येत नाही. टेनिसमध्ये चेंडू तुमच्याकडे परत येतो, कुस्तीत निदान धरून ठेवता येतं. इथं समोरचा चुकत नाही तोवर बसून राहायचं. बिलियर्ड्समध्ये हे बसणं कधी कधी तासाच्या पुढं जातं. त्या बसण्यात माणूस उघडा पडतो. कोणी पाण्याचे घोट घेत राहतो, कोणी छताकडं बघतो, कोणी समोरच्यानं चुकावं म्हणून मनात नवस बोलतो आणि ते चेहऱ्यावर दिसतं. एखादाच असा असतो की जो बसल्या जागी समोरच्याचा प्रत्येक फटका आपलाच असल्याप्रमाणे मनात खेळतो. पाळी आली की तो उठतो तेव्हा त्याचा हात गार पडलेला नसतो. मामांचं म्हणणं होतं की स्पर्धा हा माणूस जिंकतो. पहिल्या फेरीत कोणी ओळखलं नाही तरी शेवटच्या फेरीत तोच दिसतो.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती थांबण्याची. सोंगटी खिशात गेली की पोरं टाळ्या वाजवायची, मामा स्ट्रायकरकडं बघत असायचे. तो कुठं येऊन थांबला? बिलियर्ड्सच्या टेबलावर पांढरा बॉल कुठं थांबतो त्यावरून पुढचा फटका सोपा की अवघड ते ठरतं. मोठ्या खेळाडूचा खेळ सोपा दिसतो, कारण अवघड फटका मारायची वेळ तो स्वतःवर येऊच देत नाही. शेतकरी पेरताना पुढच्या पिकाचा फेरपालट मनात धरतो तसा हा खेळाडू तीन फटके पुढचं रान आखून ठेवतो. “ज्याला टाळ्या जास्त पडायल्यात,” मामा म्हणायचे, “त्याची जागा चुकली हाय, असं समजायचं.”

तिसरी गोष्ट फाउलची. खेळणाऱ्याच्या बाहीचा सोंगटीला हलका स्पर्श झाला आणि कोणालाच दिसला नाही, तर तो स्वतःहून सांगतो का? जिमखान्यात मार्करला सगळं दिसे आणि काही बोलता येत नसे. मामांनी कोणाचंही नाव कधी घेतलं नाही. मात्र न दिसलेला फाउल सांगून जे खुर्चीकडं परतले, त्यांचा फटका आणि त्यांची पावलं त्यांनी डोक्यात जपून ठेवली होती. क्लबमध्ये एखाद्या पोरानं आपला फाउल कबूल केला तर त्या बोर्डाचे पैसे माफ असत.

1992 साली गीत सेठींनी जागतिक व्यावसायिक बिलियर्ड्स स्पर्धेत 1276 गुणांचा ब्रेक केला. त्या वेळच्या नियमांनुसार विश्वविक्रम होता तो. ती बातमी मी मामांना वाचून दाखवली. आकडा ऐकून त्यांनी डोळे मिटले आणि बोटांवर काहीतरी मोजत राहिले. बिलियर्ड्सच्या टेबलावर तीनच बॉल असतात. कॅनन केला, म्हणजे आपला बॉल उरलेल्या दोन्ही बॉलना लागला, किंवा तो दुसऱ्या बॉलवर आपटून खिशात घातला तर दोन-तीन गुण मिळतात. 1276 म्हणजे चारशेहून अधिक फटके सलग, एकही न चुकता. मामांनी क्लबमधले सगळे बोर्ड थांबवले आणि पोरांना सांगितलं, “आज एक मानूस येवढा वेळ खेळला. आनि एक मानूस येवढा वेळ बसून ऱ्हायला. दोघांसाठी टाळ्या वाजवा.” स्टेशन रोडवरच्या त्या खोलीत टाळ्या वाजल्या. हरणाऱ्यासाठी टाळी वाजवायला मला तिथं शिकवलं गेलं आणि क्रीडापत्रकार म्हणून माझी लिहिण्याची रीत त्यातूनच आली.

दहावी-बारावीनंतर वडिलांना वाटत होतं की मी डी. एड. करावं, मास्तर व्हावं. मला लिहायचं होतं. पुन्हा मामाच आमच्या दारात उभे राहिले. या वेळी वडिलांनी त्यांना हाताला धरून आत आणलं, बसवलं. बोलणं काय झालं मला माहीत नाही. मी नांदेडला कॉलेजात गेलो आणि तिथल्या खोलीचं सुरुवातीचं भाडं मामांनी क्लबच्या गल्ल्यातून दिलं. नोकरी लागल्यावर मी ते परत घेऊन गेलो, तर त्यांनी हात मागं घेतला. “मी दिलेत व्हय? बोर्डानं दिलेत. बोर्डाला पावडर आन.” मी आदिलाबादहून बोरिक पावडरचे डबे आणून दिले. त्या पैशांपैकी त्यांनी माझ्याकडून घेतलं ते एवढंच.

1998 च्या बँकॉक आशियाई खेळांत बिलियर्ड्स आणि स्नूकर पहिल्यांदाच आले. एकेरीच्या बिलियर्ड्समध्ये अशोक शांडिल्यांनी सुवर्ण मिळवलं आणि अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर गीत सेठी होते. दुहेरीत हेच दोघं जोडीनं खेळले आणि तिथंही सुवर्ण. मी नांदेडच्या एस.टी.डी. बूथवरून चहाच्या हॉटेलात फोन लावला. हॉटेलवाल्यांनी मामांना हाक मारली, ते धावत आले. मी बातमी सांगितली. पलीकडं थोडा वेळ शांतता आणि मग प्रश्न : “एकमेकासमोर बी बसले आनि जोडीनं बी उभे ऱ्हायले? मग लेका, ही खरी बातमी.” दुसऱ्या दिवशीच्या पेपरात पदकं मोजलेली होती. मामांनी जे टिपलं ते मी पुढं कितीतरी वर्षांनी माझ्या एका लेखात लिहिलं.

2003 मध्ये चीनमधल्या जियांगमेन इथं अठरा वर्षांच्या पंकज अडवाणीनं हौशी खेळाडूंची जागतिक स्नूकर स्पर्धा जिंकली. तो वाढला बंगळूरला, पण जन्म पुण्याचा. जोन्ससाहेब पुण्याचे आणि हाही पुण्यात जन्मलेला, याचा मामांना फार आनंद झाला. अडवाणीच्या नावावर 2024 अखेर बिलियर्ड्स आणि स्नूकर मिळून 28 जागतिक विजेतेपदं होती. दोन्ही खेळांत एकाच माणसानं एवढं वर जाणं दुर्मीळ आहे, कारण बिलियर्ड्सला संयमाची लय लागते आणि स्नूकरला नेमकी धार. स्नूकर 1875 च्या सुमाराला जबलपूरच्या छावणीत इंग्रज अधिकाऱ्यांनी रूढ केला, हे मी मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, “जबलपूर म्हंजे आपल्या नागपूरच्या वरचंच की?” आपण ज्याची सेवा केली तो खेळ आपल्याच मुलखात जन्मला, हे कळल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट होतं.

पुढं माझ्या हातात चांगला मोबाइल आला आणि मी किनवटला गेलो की मामांना पूलचे सामने दाखवू लागलो. पूल त्यांनी कधी पाहिला नव्हता. लहान टेबल, मोठे बॉल, नऊ बॉलच्या खेळात सगळ्यात लहान आकड्याला आधी मारायचं आणि नऊ नंबरचा बॉल नियमानं खिशात गेला की डाव संपला. हे त्यांना पाच मिनिटांत कळलं. मी त्यांना फिलिपिन्सचे एफ्रेन रेयेस दाखवले. 1999 साली कार्डिफला नऊ बॉलची जागतिक स्पर्धा त्यांनी जिंकली आणि 2004 मध्ये आठ बॉलचीही. लहानपणी रेयेस मनिलात एका नातेवाइकाच्या पूल हॉलमध्ये काम करायचे. हात पोचत नसे म्हणून थंड पेयांच्या पेट्यांवर उभे राहून खेळायला शिकले. मार्करमामांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ नेला. “म्हंजे हा मार्करचा पोरगा.” त्यांनी तो सामना शेवटपर्यंत पाहिला. रेयेस खुर्चीत बसले असताना पडद्यावर बोट ठेवून म्हणाले, “बघ, हा बसलेला असून खेळायलाय.” मी त्या दिवशी पाहिलं की मामांनी कॅरमच्या बोर्डावर शिकवलेलं जगातल्या सर्वोत्तम पूल खेळाडूला तंतोतंत लागू पडतं.

2015 च्या मार्चमध्ये मुंबईत इंडियन ओपन ही व्यावसायिक स्नूकर स्पर्धा झाली. मी मामांना नंदीग्राम एक्स्प्रेसनं घेऊन गेलो. 2013 साली दिल्लीत याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत आपला आदित्य मेहता पोचला होता. मानांकनाच्या स्पर्धेत एवढी मजल मारणारा तो पहिला भारतीय. चीनच्या डिंग जुनहुईकडून तो हरला. मुंबईची स्पर्धा वेल्सच्या मायकेल व्हाइटनं जिंकली. मी मामांना सगळी नावं सांगत होतो. ते खेळाडूंकडं फारसं पाहत नव्हते. ते पंचांकडं पाहत होते. काळा कोट, पांढरे हातमोजे. रंगीत बॉल खिशात गेला की पंच तो काढून दोन बोटांनी ठिपक्यावर ठेवत. तेवढा वेळ जगातला मोठ्यात मोठा खेळाडू क्यू हातात धरून थांबायचा. बाहेर आल्यावर मामा म्हणाले, “आम्ही उघड्या हातानं लावायचो. पन लावायचो बरोबर.” हे काम इतक्या मानाचं आहे, हे त्यांना सत्तरीजवळ येताना स्वतःच्या डोळ्यांनी बघायला मिळालं. माझ्या हातून त्यांच्यासाठी जे थोडंफार झालं, त्यात हा प्रवास मी सर्वांत वर ठेवतो.

2016 च्या पावसाळ्यात मामा गेले. पुढच्या वर्षी दोहामध्ये फिलिपिन्सचा कार्लो बिआडो नऊ बॉलचा जगज्जेता झाला. हा मुलगा गोल्फच्या मैदानावर साहेबांच्या पिशव्या वाहायचा. पेट्यांवर उभ्या राहिलेल्या रेयेसनंतर पिशव्या वाहणारा बिआडो. मामांना हे सांगायला मी नव्हतो, असं नव्हे. ऐकायला मामा नव्हते.

आता नऊ बॉलची पुढची जागतिक स्पर्धा येईल आणि मला पुन्हा नावं काढावी लागतील. 2025 साली जेद्दाला 128 खेळाडू उतरले, बक्षिसांची रक्कम दहा लाख डॉलर होती. बिआडोनं अंतिम सामना 15-13 असा जिंकून आठ वर्षांनी पुन्हा विजेतेपद मिळवलं. त्याच्यासमोर होता मॉस्कोत जन्मलेला फेडोर गोर्स्ट. 2019 मध्ये एकोणिसाव्या वर्षी आणि 2024 मध्ये पुन्हा जगज्जेता. बिआडोकडं बघा, कारण जिंकण्यासाठी आठ वर्षं बसून राहणं म्हणजे काय ते त्याला माहीत आहे. गोर्स्टकडं बघा, कारण दोन डावांनी गेलेली स्पर्धा तरुण खेळाडू विसरत नाही.

अमेरिकेच्या शेन व्हॅन बोनिंगकडं बघा. जन्मापासून त्याला ऐकू कमी येतं. नऊ बॉलची यू.एस. ओपन त्यानं पाचदा जिंकली, पण जागतिक नऊ बॉलसाठी त्याला 2022 पर्यंत वाट पाहावी लागली. जर्मनीचा जोशुआ फिलर 2018 मध्ये एकविसाव्या वर्षी जगज्जेता झाला. त्याचा वेग इतका की प्रेक्षकाला पांढऱ्या बॉलकडं बघायची सवड मिळत नाही. तिथंच नजर ठेवा, त्याचा पांढरा कुठं थांबतो ते बघा. स्पेनचा फ्रान्सिस्को सान्चेस रुईस 2023 चा विजेता. टाळ्यांचे फटके तो क्वचितच मारतो आणि मामांच्या हिशेबानं ही मोठी पावती आहे.

आणि एक्लेंट काची. अल्बेनियाचा हा खेळाडू 2024 च्या अंतिम सामन्यात गोर्स्टकडून 14-15 असा हरला. एका डावाचं अंतर. पेपरात त्याच्याबद्दल एकच ओळ येते. मामांनी ती दोनदा वाचायला लावली असती. म्हणून माझ्या यादीत त्याचं नाव जगज्जेत्यांच्या बरोबरीनं असतं.

आपल्याकडची नावंही सांगतो. मुंबईचा ध्रुव सितवाला 2015 आणि 2016 असा लागोपाठ आशियाई बिलियर्ड्स विजेता होता. मुंबईचाच ईशप्रीत सिंग चढ्ढा 2023 मध्ये व्यावसायिक स्नूकर सर्किटवर पोचला. ब्रिटनमध्ये राहून, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या गर्दीत आठवड्यामागून आठवडा खेळणं हे फार थोड्या भारतीयांनी केलं आहे. जागतिक पूलमध्ये मात्र आपलं नाव अजून वर यायचं आहे. मुलं आहेत, हात आहेत. टेबलं आणि शिकवणारी माणसं हवीत.

शिकवणाऱ्या माणसांबद्दल एक शेवटची गोष्ट. विल्सन जोन्स यांना 1965 मध्ये पद्मश्री आणि 1996 मध्ये प्रशिक्षक म्हणून द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. या खेळांच्या इतिहासात चॅम्पियनांची नावं नीट नोंदलेली आहेत आणि ती तशी असायलाच हवीत. ज्यांनी कापड घासलं, टिपा चिकटवल्या, बॉल जागेवर लावले, खेळाडूला उगवताना आणि मावळताना पाहिलं, त्या मार्करांची नोंद कुठं नाही. भारतातल्या जुन्या जिमखान्यांनी आपल्या बिलियर्ड्सच्या खोलीत विजेत्यांच्या फलकाशेजारी मार्करांचाही एक फलक लावावा, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी फार खर्च येणार नाही.

वाचकांनाही एक विनंती. तुमच्या गावात कॅरमचा, बुद्धिबळाचा, कुस्तीचा असा एखादा म्हातारा माणूस असेल, ज्याच्याकडं पोरांना पाठवायला तुम्ही कचरता, तर आधी माझ्या वडिलांसारखं तिथं तासभर बसून या. माणूस चांगला असेल तर पोराला निश्चिंत पाठवा. आणि पूलचा पुढचा सामना लागला की टेबलावरून नजर थोडी बाजूला न्या. खुर्चीत बसलेल्या माणसाकडे बघा.